पप्पांच्या भिंतीवरची तारीख

आदरणीय ताई,

मी मिरजेत राहते. वडील ७३ वर्षांचे, दवाखान्यात वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेले. आई २०२३ मध्ये गेली. तेव्हापासून पप्पा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच असतात. गेल्या वर्षापासून ते सांगलीत एका घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागलेत. तिथले ब्रदर शिकवतात की १४ मे १९४८ ला इस्राएल राष्ट्र झालं, एक पिढी म्हणजे ८० वर्षं, म्हणून १४ मे २०२८ च्या आत सगळं संपणार. पप्पांनी कागदावर महिन्यांचे चौकोन आखून भिंतीला लावलेत, दर महिन्याला एक काळा करतात. म्हैसाळ रस्त्याची दहा गुंठे जागा विकून पैसे 'सेवेला' द्यायचे, एफडी मोडायची, असं चाललंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन नको म्हणतात, नवं शरीर मिळणारच आहे म्हणे. वाचता येत नाही, म्हणून दिवसभर मोबाईलवर ब्रदरचे संदेश ऐकत बसतात. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, त्यांचा पैसा, त्यांची मर्जी. माझी मुलगी दहावीत आहे. आजोबा तिला म्हणाले, बारावीची परीक्षा देशील तू, पण निकाल काही लागायचा नाही. ती तेव्हा हसली, पण रात्री मला विचारलंन, 'मम्मी, खरंच?' आम्ही चर्चला जाणारी माणसं. प्रभू येणार यावर माझाही विश्वास आहे. मग पप्पांना चूक कुठल्या तोंडाने म्हणू? आणि जागेचं काय करू?

एक वाचक, मिरज

•

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तारखेसाठी, दुसऱ्यांदा तुमच्या आईसाठी. आई पत्रात एका ओळीत येऊन जाते, पण मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीभोवतीच फिरतंय. त्याकडे येतेच. आधी हिशेब, कारण तुम्ही तो विचारलाय आणि तो उलगडायला फार वेळ लागत नाही.

हा हिशेब उभा आहे तो मत्तयाच्या २४ व्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडावर. डहाळी कोवळी होऊन पानं फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतं, तशी ही चिन्हं दिसली की ओळखा, आणि हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही, असं प्रभू सांगतो. ब्रदरच्या लेखी अंजीर म्हणजे इस्राएल, पानं फुटली १९४८ ला, आणि पिढी ८० वर्षांची. यातली एकही गोष्ट त्या अध्यायात लिहिलेली नाही. लूकाने हाच दाखला २१ व्या अध्यायात दिलाय, तिथे शब्द आहेत अंजिराचं झाड आणि सर्व झाडं. अंजीर इस्राएल असेल तर बाकीची झाडं कुठली राष्ट्रं, हे ब्रदरना विचारायला हरकत नाही. दाखला ऋतू ओळखण्याचा आहे. तासगावचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतो, डोळे फुटले की त्याला पुढचं सगळं कळतं, तरी माल अमुक तारखेला गाडीत भरीन असं तो छाटणीच्या दिवशी कोणाला लिहून देत नाही. अवकाळी काय असतो ते त्याला ठाऊक असतं.

८० हा आकडा येतो स्तोत्र ९० मधून. आमचं आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, असं मोशे म्हणतो. तो माणसाच्या वयाबद्दल बोलतोय, पिढीच्या व्याख्येबद्दल नाही. आणि दोनच ओळी पुढे तो मागतो काय, तर आम्हाला आमचे दिवस असे गणायला शिकव की आम्हाला शहाणपण येईल. दिवस मोजायचं स्तोत्रात आहे खरं. पप्पांनी ते चुकीच्या कागदावर मोजायला घेतलेत.

गंमत अशी की १९४८ तोच राहतो आणि पिढी दर वेळी लांबते. आधी ती चाळीस वर्षांची होती. त्या हिशेबाने १९८८ आलं, आणि अमेरिकेतल्या एका माजी अभियंत्याने त्या सालच्या सप्टेंबरात मंडळी, म्हणजे विश्वासणारी माणसं, जिवंतच आकाशात उचलली जाईल याची ८८ कारणं छापून लाखो प्रती खपवल्या. मग ती सत्तरची झाली आणि २०१८ उजाडलं. आता ऐंशी. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात चारशे वर्षं आणि चौथी पिढी अशी जोडी आहे, म्हणजे शंभरची पिढीही सापडते. ती २०४८ साठी राखून ठेवली असावी.

शिवाय ब्रदर शेवटाच्या आधी सात वर्षांचं महासंकट आणि त्याआधी मंडळीचं उचललं जाणं असंही शिकवत असतील. बहुतेक जण शिकवतात. मग २०२८ मधून सात वजा करा. २०२१ मध्ये आपण लशीच्या रांगेत उभे होतो. ही सात वर्षं दानीएलाच्या ९ व्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांपैकी शेवटच्या सप्तकातून काढलेली आहेत, एक सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरून. ते सप्तक आधीच्या ६९ पासून तोडून थेट जगाच्या शेवटाशी नेऊन ठेवायचं, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकामुळे पसरली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांतून घरोघर गेली. तळटीप आणि वचन एकाच पानावर छापलं की काही वर्षांनी दोन्ही देवाचंच बोलणं वाटायला लागतं.

'ही पिढी' म्हणजे कोण, यावर चांगल्या अभ्यासकांचंही एकमत नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. प्रश्न सुरू झाला तो मंदिराच्या दगडांवरून. दगडावर दगड राहणार नाही असं प्रभू म्हणाला आणि शिष्यांनी विचारलं, कधी? हे साधारण इसवी सन ३० चं बोलणं. इसवी सन ७० मध्ये रोमी सेनापती तीताने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जळलं. ऐकणाऱ्यांतले कित्येक तोवर हयात होते. मला स्वतःला वाटतं, 'ही पिढी' तीच. अध्यायाचा पुढचा भाग, पुत्राच्या येण्याचा, अजून उघडा आहे, आणि तिथेच दोन वचनं पुढे स्पष्ट शब्दांत आहे की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. यावर ब्रदरचं ठरलेलं उत्तर येईल, 'दिवस-घटका कळत नाही, पण साल कळतं.' तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय काढा. पुनरुत्थानानंतर शिष्य पुन्हा इस्राएलच्या राज्याबद्दलच विचारतात, आणि उत्तर मिळतं की काळ आणि समय जाणणं हे तुमचं काम नाही. काळ आणि समय, यात साल येतंच की.

तारीख काढणारे सगळे लबाड असतात असं मात्र समजू नका. न्यूटनसारख्या माणसानेही दानीएलाचे आकडे मांडून इसवी सन ८०० मध्ये १२६० मिळवले होते आणि २०६० च्या आधी शेवट नाही असं लिहून ठेवलं होतं. मिखाएल श्टीफेल हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मित्रांपैकी, जर्मनीतल्या लोखाऊ गावचा पाळक. त्याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ, अशी वेळ काढली. गावच्या शेतकऱ्यांनी कामं टाकली, होतं नव्हतं ते खर्चून टाकलं. आठ वाजून गेले. श्टीफेलला पकडून नेलं, नोकरी गेली. पुढे हाच माणूस गणिताकडे वळला आणि १५४४ मध्ये त्याने बीजगणितावर असा ग्रंथ लिहिला की घातांकांच्या इतिहासात आजही त्याचं नाव घेतात. आकड्यांचं वेड तेच, फक्त लावलं कुठे याचा फरक. अमेरिकेत विल्यम मिलर हाही प्रामाणिक शेतकरी. दानीएलातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजून तो १८४३ ला पोहोचला. मध्ये शून्य साल नसतं हे ध्यानात आल्यावर १८४४ झालं, आणि शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ पक्का केला. काहींनी त्या वर्षी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. २३ तारखेची पहाट कशी गेली याबद्दल त्यांच्यातल्यांनीच लिहून ठेवलंय, ते वाचताना हसू येत नाही.

आणि काही मात्र लबाड असतात. दक्षिण कोरियात ली जांग-रिम या प्रचारकाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकून पैसे आणून दिले. पोलिसांनी तपास केला तेव्हा त्याच्याकडे रोखे सापडले, आणि त्यांची मुदत भरत होती १९९३ च्या मे महिन्यात. फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. तुमचे ब्रदर या दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचे, मला माहीत नाही. एक साधी गोष्ट करून बघा. भांडून नाही, सहज विचारा: ब्रदर, तुमचं स्वतःचं घर विकलंत का? विमा बंद केलात का? मुलांच्या शाळेची पुढच्या वर्षीची फी भरलीत का?

आता आई.

तुम्ही लिहिलंय की ती गेल्यापासून पप्पा एकटे आहेत आणि गेल्या वर्षापासून ते त्या सभेला जाऊ लागले. ते चौकोन काळे करतात ना दर महिन्याला, तो जगाच्या शेवटाचा हिशेब आहे असं मला वाटत नाही. तुमच्या आईला भेटायला किती महिने उरले, याचा तो हिशेब आहे. ब्रदरनी त्यांना भीती विकलेली नाही, तारीखवार भेट विकली आहे. म्हणून तुम्ही 'पप्पा, हे खोटं आहे' म्हणालात की त्यांना ऐकू येत असणार, 'ती भेटणार नाही.' मग माणूस चिडेल नाही तर काय करेल?

म्हणून मत्तय, दानीएल, वजाबाकी, हे सगळं मी तुमच्यासाठी लिहिलंय, त्यांच्यापुढे मांडायला नाही. त्यांच्यापुढे थेस्सलनीकाकरांचं पहिलं पत्र ठेवा, ४ था अध्याय, १३ व्या वचनापासून. कर्णा वाजेल, मेलेले पहिल्याने उठतील, आपण मेघारूढ होऊ, हे सगळे जे शब्द त्या सभेत गाजतात ते मुळात कशासाठी लिहिले गेले? थेस्सलनीकातल्या लोकांची माणसं मेली होती आणि ती प्रभूच्या येण्याला मुकतील की काय या धास्तीने ते रडत होते. पौलाने शोक करणाऱ्यांना पाठवलेलं ते पत्र आहे, आणि त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. त्यात तारीख नाही. उलट त्याच गावाला दुसरं पत्र लिहावं लागलं, कारण कोणीतरी पौलाच्या नावाने दिवस आलाच असं उठवलं होतं आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये, हे आपल्याकडे म्हणीसारखं झालेलं वचन त्या दुसऱ्या पत्रातलं आहे. बसून राहिलेल्यांना ते का ऐकावं लागलं, ते मात्र आपण विसरलो.

खुद्द पौलानेही 'आपण जे जिवंत उरलेले' असं लिहिताना स्वतःला त्यात धरलं होतं. पुढे फिलिप्पैकरांना लिहिताना तो तुरुंगात आहे आणि येथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची भाषा बोलतोय. तारखेचा अंदाज बदलला, भेटीची खात्री बदलली नाही. तुमच्या पप्पांना हे एकच वाक्य पोहोचवता आलं तरी पुरे. 'पप्पा, मम्मी भेटणार, ते २०२८ वर अवलंबून नाही.' रविवारी चर्च सुटल्यावर कबरीवर त्यांच्याबरोबर जाता का तुम्ही? पत्रात नाही म्हणून विचारते. जात नसाल तर जा, आणि तिथे शास्त्रार्थ करू नका.

डोळ्यांचं मला जागेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय. पण बघा, ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी स्वतः शास्त्र उघडून वाचलं असेल, त्याला आता अक्षर दिसत नाही. म्हणजे शास्त्र आता त्याच्यापर्यंत येतं ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि ते तोंड एकच आहे, मोबाईलमधलं. स्वतः वाचता आलं असतं तर लूकातली 'सर्व झाडं' त्यांनाच दिसली असती. नव्या शरीराचं म्हणाल तर मार्काचा ८ वा अध्याय वाचून दाखवा. बेथसैदाचा आंधळा, पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. मोतीबिंदू झालेल्या कोणालाही विचारा, असंच दिसतं. प्रभूने त्याला पुनरुत्थानापर्यंत थांब म्हटलं नाही, पुन्हा डोळ्यांवर हात ठेवला. वाट पाहून मोतीबिंदू बरा होत नाही. फार पिकला की ऑपरेशन अवघड होतं, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. आणि ज्या मिरजेत १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं, तिथे वॉर्डात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे मी काय सांगू! ते उभारणारे डॉ. वानलेस आणि त्यांचे सोबतीही 'तुझं राज्य येवो' म्हणतच होते. त्यांनी तंबू ठोकला नाही, हॉस्पिटल बांधलं. कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मलेल्या रॉबर्ट वाइल्डर यांच्या विद्यार्थी चळवळीचं घोषवाक्यही याच पिढीत जगभर सुवार्ता पोहोचवायची असं होतं. तिथे पिढी हा शब्द कामाला लावलेला होता, कॅलेंडरला नाही.

जागेबद्दल दोन गोष्टी, एक शास्त्रातली आणि एक तहसीलातली. यिर्मयाचा ३२ वा अध्याय पप्पांना सावकाश वाचून दाखवा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतः सांगून चुकलाय, त्यासाठी तो कैदेत आहे. तेव्हा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. आणि यिर्मया घेतो! सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार आणतो, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. शेवट खरोखर वेशीवर असताना देवाच्या माणसाने जागा घेतली, विकली नाही. चार अध्याय मागे गेलात तर तारीख देणाराही भेटतो. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना तोच आवडला असणार. त्याचं काय झालं ते पप्पांना माहीत असेल.

तहसीलातली गोष्ट कडू आहे. जागा पप्पांच्या नावावर असेल तर तुम्ही किंवा भाऊ ती विक्री अडवू शकत नाही. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती माणसांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, त्यात मुलांना जन्माने हक्क मिळत नाही. शुद्धीवरचा माणूस स्वतःची मालमत्ता देऊ शकतो. जागाच द्यायची ठरवली तर बक्षीसपत्र नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, म्हणजे घाईत स्वयंपाकघरात बसून काही होत नाही. जागा विकून पैसे दिले तर तेवढाही अडसर नाही. म्हणून पप्पांना एवढंच कबूल करायला लावा की पैसा रोखीने जाणार नाही आणि पावतीशिवाय जाणार नाही. धार्मिक वडीलकीचा दबाव टाकून घेतलेलं दान कोर्टात रद्द होऊ शकतं, पण तिथपर्यंत जायची वेळ आली म्हणजे बाप गमावलाच समजा. त्यापेक्षा त्यांना म्हणा, सेवेला द्यायचंय ना, एफडीचं व्याज द्या दर तीन महिन्यांना. मुद्दल राहू द्या. देण्याची हौस तोडू नका, ती चांगलीच आहे. आणि भावाला पुण्याहून बोलवा, फोनवर 'त्यांची मर्जी' म्हणणं फार सोपं असतं.

तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा, पण ब्रदरना खोडायला नाही. आईसाठी प्रार्थना करायला बोलवा. खरं सांगायचं तर ती गेल्यावर वर्षभर किती जण पप्पांकडे फिरकले, हा प्रश्न मंडळीनेही स्वतःला विचारावा. सांगलीतल्या त्या घरी दर आठवड्याला त्यांना कोणीतरी चहा देतं, नावाने हाक मारतं.

मुलीला काय सांगायचं? तिच्या मोबाईलवर २०२५ च्या सप्टेंबरातल्या २३-२४ तारखेची रीळं आलीच असतील. त्या दोन दिवशीही प्रभू येणार होता. २५ ला शाळा भरली. तिला सांगा की आजोबांना आजीची फार आठवण येते. तिला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल. आणि १४ मे २०२८ ला रविवार आहे, मी पाहिलं. त्या दिवशी आजोबांना घेऊन चर्चला जायचं असं आत्ताच ठरवून टाका, दुपारी जेवण तुमच्याकडे. त्या दिवशी ते एकटे नकोत. पुढे जे होईल ते होईल, पण १५ तारखेच्या सकाळी त्यांना 'बघा, आम्ही म्हणत होतो' असं घरातलं कोणी म्हणणार नाही, हे भावालाही बजावून ठेवा.

आमच्या आत्याने १९९९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या घरी दोन डबे रॉकेल आणि पोतंभर तांदूळ भरला होता. एका सभेत तिने २००० साल उजाडणार नाही असं ऐकलं होतं. जानेवारीत आम्ही सगळी पोरं तिला इतकं हसलो की ती नंतर कधी कुठल्या प्रार्थनेला मोठ्याने 'आमेन' म्हणाली नाही. तांदूळ मात्र जूनपर्यंत पुरला.

पहिली पायरी म्हणून या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. आज संध्याकाळपासून रोज एक अध्याय पप्पांना वाचून दाखवा, यिर्मयापासून सुरू करा, मध्ये टिप्पणी नको. ऑपरेशन झालं की चार-सहा आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, वेळा पाळून. त्याचा तक्ता आखून तोही भिंतीवर लावा, त्या चौकोनांच्या शेजारी. थेंब घालायचं काम नातीकडे द्या.